१८०-६०० आणि १.४ टीसी : मोसमभराची नोंद

सेटअप बदललेला नाही. निकॉन झेड १८०-६०० मिमी एफ/५.६-६.३ (एफचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी), २४ मेगापिक्सेलची फुल फ्रेम, म्हणजे ३६ मिमी रुंद सेन्सरची बॉडी आणि झेड टीसी-१.४एक्स. टीसी म्हणजे टेलिकन्व्हर्टर, लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारा आणि दृश्य १.४ पट मोठं करणारा जोड. लेन्स ट्रायपॉड कॉलरसकट २१४० ग्रॅम, टीसी २२० ग्रॅम. जोडी लावली की २५२-८४० मिमी, एफ/८-९. टू-एक्स, म्हणजे दुप्पट करणारा टीसी लावला तर ३६०-१२०० मिमी आणि एफ/११-१३. ही नोंद मुख्यतः १.४ ची आहे, टू-एक्सचं शेवटी थोडं.

मुद्दा आधीच सांगते. टीसी विकत घेतला जातो तो लांबचा प्राणी जवळ दिसावा म्हणून, आणि नेमका तिथेच तो सर्वांत कमी कामाला येतो. त्याची खरी जागा जवळच्या, लहान पक्ष्यासाठी आहे. का, ते आकड्यांतून बघू.

फुल फ्रेमवर ६०० मिमीला चौकटीची रुंदी म्हणजे अंतराचा ०.०६ पट. १५ मीटरवर ९० सेंटीमीटर. सेन्सरवर आडवे साधारण ६००० पिक्सेल धरले, तर १६ सेंटीमीटरचा छोटा खंड्या जवळपास १०७० पिक्सेल व्यापतो. टीसी लावून ८४० ला गेलो की तोच १४९० पिक्सेल होतो. आता चिंकारा घ्या : खांद्यापाशी उंची ६५ सेंटीमीटर, अंतर ६० मीटर. चौकट ३.६ मीटर रुंद, चिंकारा उंचीत १०८० पिक्सेल, टीसीने १५१०. कागदावर दोन्ही फोटो सारखेच मोठे. प्रत्यक्षात खंड्याच्या पिसांची रेघ न् रेघ मोजता येते आणि चिंकाऱ्याचं अंग मेणासारखं गुळगुळीत येतं, कारण मध्ये १५ ऐवजी ६० मीटर तापलेली हवा आहे. टीसी प्राण्याबरोबर ती हवाही मोठी करतो.

दुसरा प्रश्न नेहमी येतो : टीसी लावण्यापेक्षा फोटो नंतर कापून मोठा केलेला, म्हणजे क्रॉप केलेला काय वाईट? इथे नॉइजची, म्हणजे फोटोतल्या दाण्यांची भीती उगाच घातली जाते. ६०० मिमी एफ/६.३ म्हणजे प्रकाश आत येण्याचं भोक साधारण ९५ मिलीमीटरचं. ८४० मिमी एफ/९ ला ते ९३ भरतं, म्हणजे तेच. पक्ष्यावरून सेन्सरपर्यंत पोचणारा एकूण प्रकाश बदलत नाही. टीसी लावल्यावर आयएसओ (सेन्सरच्या संवेदनशीलतेचं सेटिंग) १६०० चा ३२०० होतो हे खरं, पण क्रॉप केलेला फोटो तेवढाच मोठा केला की त्यातला नॉइजही तिथेच येऊन पोचतो. फरक पडतो तो पिक्सेलमध्ये. २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरचा एक पिक्सेल साधारण ५.९ मायक्रॉनचा. एफ/६.३ ला विवर्तनामुळे, म्हणजे भोकातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे, एका बिंदूचा जो ठिपका बनतो त्याचा व्यास ८.५ मायक्रॉन, म्हणजे दीड पिक्सेलसुद्धा नाही. लेन्स देतेय तेवढा तपशील सेन्सर टिपतच नाही. टीसीने एफ/९ ला ठिपका १२ मायक्रॉनचा होतो, दोन पिक्सेल भरतो, आणि तो राहिलेला तपशील हाती लागतो.

४५ मेगापिक्सेलच्या बॉडीवर मात्र पिक्सेल ४.३५ मायक्रॉनचा असतो. तिथे टीसीशिवायच ठिपका दोन पिक्सेल भरतो, आणि १.४ लावून फारसं काही मिळत नाही. डी५०० सारख्या २१ मेगापिक्सेलच्या क्रॉप (लहान सेन्सरच्या) बॉडीचंही तसंच, तिचा पिक्सेल ४.२ मायक्रॉनचा. ज्यांच्याकडे अशी बॉडी आहे त्यांनी टीसीचे पैसे एका चांगल्या गिंबल हेडमध्ये (जड लेन्स तोलून सहज फिरवणारं ट्रायपॉडचं डोकं) घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

घ्यायच्या आधी कंपनीची सुसंगततेची यादी बघायलाच हवी. झेड टीसीची पुढची काच बाहेर आलेली असते, त्यामुळे यादीबाहेरच्या लेन्समध्ये ती बसतच नाही, जबरदस्तीने काच काचेला टेकते. एफ माउंटची, म्हणजे निकॉनच्या डीएसएलआरची लेन्स एफटीझेड अडॅप्टरवर असेल तर झेड टीसी मध्ये घालता येत नाही. तिथे एफ माउंटचाच टीसी लेन्स आणि एफटीझेडच्या मध्ये लावायचा. सोनीकडे २००-६०० ला दोन्ही टीसी लागतात, पण सिग्मा-टॅमरॉनच्या ई माउंट लेन्सना लागत नाहीत. हे जुनी १५०-६०० विकत घेणाऱ्यांनी नीट लक्षात ठेवावं. कॅनन आरएफ १००-५०० ला एक्स्टेंडर (कॅननचा टीसी) बसतो, पण झूम ३०० च्या पुढे नेल्यावरच, आणि नंतर ३०० च्या मागे येताच येत नाही. म्हणजे १.४ लावला की लेन्स ४२०-७०० ची होऊन बसते आणि हत्ती गाडीशेजारी आला तर हातावर हात ठेवून बघायचं. डीएसएलआरवाल्यांसाठी : बहुतेक बॉडी एफ/८ पर्यंतच ऑटोफोकस करतात, तेही मधल्या मोजक्या बिंदूंवर. २००-५०० एफ/५.६ ला १.४ पर्यंत ठीक, एफ/६.३ च्या झूमला टीसी नको. शिवाय एएफ फाइन ट्यून, म्हणजे ऑटोफोकसची बारीक दुरुस्ती, लेन्स-टीसीच्या जोडीसाठी वेगळं करावं लागतं. नुसत्या लेन्सचा आकडा जोडीला लागू पडत नाही.

पावसाळ्यातलं काम : घरातली चाचणी

जंगल बंद असताना हे उरकून घ्यायचं. गच्चीत किंवा लांब व्हरांड्यात वर्तमानपत्राची दोन पानं उघडी करून सपाट फळीवर ताणून चिकटवा. छोट्या जाहिरातींचं पान उत्तम, अक्षर बारीक आणि शाई एकसारखी. अंतर १५ मीटर. ८४० ला चौकट ६४ सेंटीमीटर रुंद असते, म्हणजे दोन पानांनी ती जवळजवळ भरते. ट्रायपॉड, कॉलर घट्ट, व्हीआर (हाताची थरथर सावरणारी यंत्रणा) बंद, इलेक्ट्रॉनिक शटर, दोन सेकंदांचा टायमर. पुढचा यूव्ही फिल्टर आधी काढा. ९५ मिमीचा स्वस्त फिल्टर एकट्याने ६०० मिमीचा फोटो मऊ करतो आणि दोष टीसीच्या नावावर जातो.

प्रत्येक सेटिंगला सहा फोटो : तीन वेळा फोकस जवळ ढकलून, तीन वेळा अनंतावर नेऊन, मग पुन्हा कागदावर आणायचा. सहाही फोटो सारखे शार्प आले तर ऑटोफोकस खात्रीचा. जवळून येताना बरे आणि लांबून येताना वाईट असा भेद दिसला तर मैदानातही तोच दिसणार. मग नुसत्या लेन्सचा फोटो १४० टक्के मोठा करून टीसीच्या फोटोशेजारी ठेवायचा. तुलना अशीच करायची. दोन्ही शंभर टक्क्यांवर बघितले तर टीसी नेहमीच मऊ वाटतो.

सध्याचे निष्कर्ष : ८४० ला एफ/९ पेक्षा एफ/१० किंचित स्वच्छ, एफ/११ ला तेच, एफ/१३ ला विवर्तनाने पुन्हा मऊ. झूम ६०० वरून ५५० च्या आसपास मागे घेतला, म्हणजे टीसीसकट ७७० मिमी, की कडा थोड्या सावरतात. प्रत्येक नगात हे थोडं वेगळं निघू शकतं, म्हणून आपला नग आपण तपासावा.

टीसीच्या मागच्या काचेवर बोटाचा ठसा असेल तर सगळ्या फोटोवर दुधाळ पातळ पडदा येतो. धूळ बहुधा दिसत नाही, ठसा दिसतो. ब्लोअर, मग लेन्स पेपर, आणि मागचं झाकण लावल्याशिवाय टीसी बॅगेत नाही.

थंडी : भिगवण

उजनीच्या पाणलोटात कुंभारगावहून नावेतून. टीसीचा सर्वांत चांगला वापर इथेच झाला, पण रोहितांवर (फ्लेमिंगोंवर) नाही. ४० मीटरवर ६०० मिमीची चौकट २.४ मीटर रुंद असते, उडणाऱ्या रोहिताचे पसरलेले पंख दीड मीटरच्या आसपास, दोन्ही बाजूंना श्वास घ्यायला जागा. टीसीने तीच चौकट १.७ मीटर होते आणि डोलत्या नावेतून पंखांची टोकं कापली जातात. रोहित, पट्टकादंब, भोवत्या : टीसी काढून. नावेजवळच्या खुंटावर बसलेला खंड्या, काठावरचे तुतवार : टीसी लावून.

थंडीत गारठा आहे म्हणून हवा स्थिर, हे गृहीत धरू नये. पहाटे पाणी हवेपेक्षा उबदार असतं. पाण्याला लागून असलेला थर थरथरतो, कधी वाफही दिसते. नावेत लेन्स पाण्यापासून जेमतेम फूट-दीड फुटावर असते, म्हणजे नजर पूर्णपणे त्या थरातूनच जाते. पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवरचा फोटो सगळ्यांना हवा असतो, मलाही, पण ४० मीटरच्या पुढे ती पातळीच फोटो बिघडवते. नावाड्याला पक्ष्याच्या मागे लावण्याऐवजी एका जागी नाव थांबवून पक्षी जवळ येऊ द्यावा. थव्यावर नाव घालून उडवलेल्या रोहितांचा फोटो काढूच नये, मग लेन्स कोणतीही असो.

सेटिंग : बसलेल्या पक्ष्याला १/८००, उडत्याला १/२०००, नदी सुरय सूर मारत असेल तर १/३२००. व्हीआर स्पोर्टवर. या लेन्सवर व्हीआरचा खटका नाही, मेनूतून बदलावं लागतं, म्हणून तो आय मेनूत (झटपट उघडणाऱ्या मेनूत) आणून ठेवला आहे. फोकस लिमिटर, म्हणजे फोकसचा पल्ला मर्यादित करणारा खटका, ६ मीटर ते अनंत. एफ/९ ला फोकस एकदा सुटला की पूर्ण पल्ला फिरून यायला वेळ लागतो आणि तेवढ्यात पक्षी गेलेला असतो.

हवा, फोकस की हात?

मऊ फोटो आला की कारण ओळखण्याची ही पद्धत सगळ्यांनी वापरावी. स्थिर वस्तूवर, दगड किंवा खुंटावर, फोकस लॉक करून १/२००० ला वीसेक फोटोंचा बर्स्ट (सलग फोटो) घ्या आणि एकामागून एक झरझर बघा. फोटोगणिक शार्पपणा बदलतोय, एकात डावी कड बरी, दुसऱ्यात उजवी, कडा वाकड्या झाल्यात : हवा. सगळे सारखेच मऊ, पण वस्तूच्या पुढचं किंवा मागचं गवत शार्प : फोकस. ८४० मिमी एफ/९ ला १५ मीटरवर शार्प भागाची खोली पुढेमागे मिळून साधारण १७ सेंटीमीटर असते, त्यामुळे वस्तूच्या पुढे किंवा मागे बसलेला फोकस लगेच कळतो. सगळीकडे एकाच दिशेला ओढल्यासारखी दुहेरी रेघ : हात, किंवा चालू इंजिन. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि हवेवर कोणतीही लेन्स, कोणताही टीसी हा उपाय नाही. जवळ जायचं किंवा सकाळी लवकर यायचं.

सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात हे अगदी ढळढळीत दिसतं. उघडं माळरान, खुरटं गवत, चिंकारा ५० मीटरच्या आत क्वचित. सूर्य उगवल्यापासून पहिला दीड तास फोटो टिकतात, नंतर दगडाच्या कडासुद्धा वितळायला लागतात. गाडीच्या एसीतून लेन्स थेट उन्हात काढली तर हुडमध्येच हवेचे प्रवाह तयार होतात आणि समोरची हवा स्वच्छ असूनही फोटो मऊ येतो. शेवटची वीस-पंचवीस मिनिटं एसी बंद, खिडक्या उघड्या, हुड काढलेला. बॉनेटवरून फोटो घेऊ नये, इंजिनची धग नेमकी चौकटीच्या खालून वर येते.

उन्हाळा : ताडोबा

वाघासाठी टीसी गेटबाहेरच काढून ठेवा. २० मीटरवर ६०० मिमीची चौकट १.२ मीटर, म्हणजे चेहरा आणि खांदा. टीसी लावून झूम पूर्ण मागे घेतला तरी २५२, आणि वाघ १० मीटरवर रस्त्यात आला तर चौकट १.४ मीटर. नुसत्या लेन्सला १८० ला दोन मीटर मिळतात, तेही पुरत नाहीत, म्हणून दुसऱ्या बॉडीवर ७०-२०० असावी. बांबूच्या सावलीत सकाळी सहाला एफ/९ म्हणजे आयएसओ १२८०० च्या घरात. धुळीच्या रस्त्यावर जिप्सीत टीसी काढ-घाल करणं तर सेन्सरसाठी घातकच. पाणवठ्यावर तासभर थांबायचं ठरलं, इंजिन बंद, धूळ बसलेली, आणि समोर नवरंग किंवा खंड्या, तरच लावायचा : बॉडीचं तोंड खाली, कॅमेरा बंद, वर कापड.

बीनबॅगेत तांदूळ किंवा मूग, अडीच-तीन किलो. थर्माकोलच्या मण्यांची पिशवी हलकी पडते पण लेन्स डोलते. पिशवी रिकामीच न्यावी, धान्य चंद्रपूरला भरावं. लेन्स फूटवर (कॉलरच्या खालच्या पायावर) न ठेवता कॉलर फिरवून नळीच पिशवीत रुतवावी.

राहिलेलं काम

मूळ फूट आर्का पद्धतीचा, म्हणजे ट्रायपॉडच्या खाचेत थेट सरकणारा नाही, त्याला पट्टी लावली आहे. टीसीने तोल मागे सरकतो, तेव्हा गिंबलवर लेन्स पुढे ढकलायला पट्टी अपुरी पडते. १२० मिमीची लांब पट्टी बसवून दोन्ही तोल-बिंदूंवर पांढऱ्या रंगाची खूण करायची आहे. टू-एक्स फक्त चतुरांवर तपासायचा आहे. टीसीने किमान फोकस अंतर बदलत नाही, ६०० ला २.४ मीटरच राहतं, त्यामुळे त्या अंतरावरून चतुर दुप्पट मोठा मिळायला हवा, आणि एफ/१३ ला ऑक्टोबरचं दुपारचं ऊन पुरेल. पक्ष्यांवर तो लावायचा विचार सध्या नाही.