बेटकुळी वर सरकली तेव्हा

घर बदलत होतो. कपाट जिन्यावरून उतरवताना मी खालच्या पायरीवर होतो आणि ऑफिसमधला मित्र वरच्या. त्याचा हात निसटला आणि सगळं वजन माझ्या वाकलेल्या उजव्या हातावर आलं. सोडून द्यायला हवं होतं, पण हातांनी उलट आणखी घट्ट धरलं. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे रक्त काढायला सुई टोचतात तिथे, 'टच्' असा आवाज झाला. दुखण्याआधी मला तो ऐकू आला.

तासाभराने कळ ओसरली. हात वाकत होता, बोटं हलत होती. उसण भरली असेल, दोन दिवसांत जाईल, अशी मी स्वतःची समजूत घातली. इथेच माणूस फसतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय. आपण ज्याला बेटकुळी म्हणतो तो बायसेप्स स्नायू कोपर वाकवतो खरा, पण त्याच्याखाली आणखी एक दणकट स्नायू असतो आणि कोपर वाकवण्याचं बरंचसं काम तोच करतो. बायसेप्सची खरी ताकद लागते ती तळहात वर वळवताना. किल्ली फिरवताना, स्क्रू पिळताना, घट्ट झाकण उघडताना. त्यामुळे तो खालून तुटला तरी हात वाकतो आणि आपल्याला वाटतं, सगळं ठीक आहे.

दुसऱ्या दिवशी कोपराभोवती काळंनिळं पसरलं. दाराच्या कुलपात किल्ली फिरेना. आरशासमोर दोन्ही हात वाकवून पाहिले, तर उजवी बेटकुळी डावीपेक्षा वर सरकून गोळा झाली होती. खालचा भाग रिकामा. पोटात धस्स झालं.

पहिल्या डॉक्टरांनी स्नायू ताणलाय म्हणून मलम आणि दोन आठवडे विश्रांती सांगितली. मी ऐकलं असतं तर आज हे वेगळ्या तऱ्हेने लिहावं लागलं असतं. पण ती रिकामी जागा डोळ्यांपुढून हलेना, म्हणून हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. त्यांनी अर्ध्या मिनिटात ओळखलं. ती तपासणी तुम्हालाही आत्ता करून पाहता येईल. कोपर काटकोनात वाकवा, तळहात स्वतःच्या तोंडाकडे वळवा, आणि दुसऱ्या हाताची तर्जनी बाहेरच्या बाजूने कोपराच्या खाचेत घाला. स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा ताठ कंडरा बोटात आकड्यासारखा अडकतो. माझ्या उजव्या हातात अडकण्यासारखं काहीच नव्हतं. पुढे एमआरआयमध्ये तेच दिसलं: कंडरा हाडापासून पूर्ण सुटून वर ओढला गेला होता.

शस्त्रक्रिया केलीच पाहिजे असं नाही, हे त्यांनी आधीच स्पष्ट केलं. न केल्यास तळहात वर वळवण्याची ताकद साधारण ४० टक्के आणि कोपर वाकवण्याची सुमारे ३० टक्के कमी होऊ शकते; काही जण तेवढ्यावर निभावून नेतात. करायची असेल तर मात्र पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, कारण नंतर कंडरा आखडतो, भोवतालच्या ऊतींना चिकटतो आणि ओढून जागेवर आणणं अवघड होतं. तो नववा दिवस होता. तेराव्या दिवशी शस्त्रक्रिया ठरली.

त्या भेटीतली एक गोष्ट मला शस्त्रक्रियेपेक्षा जास्त लागली. त्यांनी विचारलं, दुखतं म्हणजे नेमकं कसं? मी गप्प. आपल्याकडे कळ वेगळी, ठणका वेगळा, चमक वेगळी, ठसठस वेगळी, सणक वेगळी. दिवसभर माझा हात ठणकत होता, आणि वळवला की सणक अंगठ्यापर्यंत जात होती. हे मला आत स्वच्छ कळत होतं, पण परक्या भाषेत माझ्याकडे फक्त 'दुखतं' एवढाच शब्द होता. इतकी वर्षं त्या भाषेत नोकरी केली, भांडलो, हसलो. दुखण्याची भाषा शिकायची वेळच आली नव्हती.

भरती होताना फॉर्मवर प्रश्न होता: पहिली रात्र सोबत कोण राहणार? भूल दिल्यावर एकट्याला घरी सोडत नाहीत. कपाट ज्याच्या हातून निसटलं त्याच मित्राचं नाव लिहिलं. तो तेरा दिवस स्वतःला दोष देत होता. त्या रात्री तो झोपला नाही. मधूनमधून माझी बोटं गरम आहेत ना, रंग बदलला नाही ना, ते बघत राहिला.

शस्त्रक्रिया अशी: मनगटाकडून कोपराकडे येणाऱ्या दोन हाडांपैकी अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला भोक पाडतात, कंडऱ्याला मजबूत धाग्याने टाके घालून तो धाग्याला बांधलेल्या छोट्या धातूच्या बटणासह ओढून घेतात. काजातून बटण पार करून आडवं करावं, तसं ते हाडाच्या पलीकडे आडवं बसतं. हात बधिर करायला खांद्याजवळ दिलेल्या इंजेक्शनचा परिणाम दुसऱ्या सकाळपर्यंत टिकला. तो उतरायच्या आधीच वेदनाशामक गोळी घ्या, असं परिचारिकेने दोनदा बजावलं होतं. मी घेतली. तरी पहाटेचा ठणका विसरणार नाही.

आईला सांगितलं नव्हतं. इतक्या लांबून ती काय करणार, उगाच झोप उडेल, असा हिशेब. व्हिडिओ कॉलवर फक्त चेहरा दिसेल असा फोन धरायचो. पाचव्या दिवशी मी पाणी प्यायलो आणि ती म्हणाली, "डाव्या हाताने का पितोयस रे?" मग सगळं सांगावं लागलं. ती रागावली नाही. बराच वेळ बोललीच नाही. मग विचारलं, "ठणकतंय का?" मी हो म्हणालो आणि मला रडू आलं. दोन आठवड्यांत पहिल्यांदा कुणीतरी बरोबर शब्द वापरला होता.

पुढचे महिने हातापेक्षा मनाला जड गेले. दहा दिवस पक्का पट्टा, मग बिजागरीचा ब्रेस. दर आठवड्याला कोपर थोडं अधिक सरळ करायची परवानगी. शर्ट घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. झोपताना पाठीवर, हाताखाली उशी. झोळीत हात ठेवून खांदा आखडतो, म्हणून खांदा आणि बोटं रोज हलवायची. हे सगळं जमतं. अवघड असतात ते चौथ्यापासून आठव्यापर्यंतचे आठवडे. दुखणं जवळजवळ थांबलेलं असतं, हात आपला वाटू लागतो, पण कंडरा हाडाशी अजून पुरता सांधलेला नसतो. फिजिओने सांगितलं होतं, सहा आठवडे चहाच्या कपापेक्षा जड काही उचलायचं नाही. एकदा दाराशी पार्सल आलं आणि हात आपोआप पुढे गेला. मी तो मागे घेतला आणि शेजाऱ्याचं दार वाजवलं. एवढ्या साध्या मदतीसाठी दार वाजवायला मला बाराव्या आठवड्यापर्यंत संकोच वाटत राहिला. ताकदीचे व्यायाम सुरू झाले तेही बाराव्या आठवड्यातच, हलक्या वजनापासून.

आता पाच महिने झाले. किल्ली फिरते. मनगटापासून कोपरापर्यंत अंगठ्याच्या बाजूला एक पट्टा अजून बधिर आहे. तिथली त्वचेची नस शस्त्रक्रियेत ताणली जाते आणि बहुतेकदा हळूहळू सावरते, असं डॉक्टर म्हणाले. आई दर रविवारी त्या पट्ट्याची चौकशी करते. गेल्या रविवारी मी सांगितलं, "आज मुंग्या आल्या."

"कुठपर्यंत?" तिने विचारलं, आणि मी फोन खाली धरून तिला बोटाने दाखवलं.