शेवटच्या दिवशी आलेलं शपथपत्र

१८ नोव्हेंबर २०२४, विधानसभेच्या प्रचाराचा शेवटचा दिवस. मी एकटाच तालुक्याच्या राजकारणावर लिहितो, वर ना संपादक ना वकील, त्यामुळे लोकांना वाटतं ह्याच्या गळ्यात काहीही मारावं.

दुपारी एका कार्यकर्त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला, विरोधी उमेदवाराच्या शपथपत्राचं पान, शेतजमिनीसमोर 'निरंक'. सोबत उमेदवाराच्या बायकोच्या नावचा सातबारा. "दादा, जमीन लपवलीय, सहाच्या आत टाका." सहाला प्रचार बंद, नंतर समोरच्याला खुलासा करायला ना सभा ना स्टेज, म्हणजे टायमिंग बरोब्बर साधलेलं.

सरकारच्या ऑनलाइन सातबाऱ्याच्या साइटवर, महाभूलेखवर, गट नंबर टाकला, सातबारा खरा निघाला. खटकत होता तो फोटो. नमुना २६ मध्ये, म्हणजे या शपथपत्राच्या ठरलेल्या फॉर्ममध्ये, स्वतः, पती किंवा पत्नी, अविभक्त कुटुंब, अवलंबित असे रकाने शेजारी शेजारी असतात आणि इथे एकच दिसत होता. आयोगाच्या साइटवरून अख्खं शपथपत्र उतरवलं (स्कॅन इतकं फिकं की डोळे फुटायची वेळ), तर पत्नीच्या रकान्यात तोच गट नंबर, क्षेत्रासकट. कार्यकर्त्याला फोन करून सांगितलं तर म्हणतो, "अहो पण लोक कुठे बघायला जातात?"

म्हटलं आता हातात आहेच तर याच उमेदवाराचं २०१९चंही काढू. तीच जमीन, तोच गट, आणि 'सध्याची बाजारभावाने किंमत' पाच वर्षांपूर्वी होती तीच, रुपयाचा फरक नाही! मधल्या काळात शेजारून चौपदरी रस्ता गेलाय हे शेंबडं पोरगंही सांगेल. लपवाछपवीपेक्षा मला हा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटला.

उमेदवाराच्या ऑफिसात फोन लावला. आरोप खोटा आहे ऐकून पीए एकदम खूश, "मग तेवढंच लिहा ना, आम्ही सगळ्या ग्रुपवर फिरवतो, तुमचंही बघतो काहीतरी." 'तुमचंही बघतो' म्हणजे काय हे इकडे कुणाला समजवावं लागत नाही. मी किमतीचं विचारलं तसा साहेब सभेत आहेत म्हणून फोन ठेवला.

पाचच्या सुमारास दोन्ही गोष्टी एकत्रच टाकल्या, जमीन जाहीर केलेली आहे आणि किंमत जुनीच आहे, दोन्ही शपथपत्रांची पूर्ण पानं लावून. उमेदवाराला विचारलंय, उत्तर आलेलं नाही, हेही लिहिलं. कार्यकर्ता म्हणाला विकला गेलास, पीए म्हणाला सुपारी घेतलीस.

मतदान झाल्यावर पीएचं उत्तर आलं, "फॉर्मवर अंदाजे किंमत विचारतात, आम्ही अंदाज लिहिला." तेही जसंच्या तसं लेखाखाली जोडलं.