द्राक्षाचा कंटेनर रॉटरडॅमला उघडल्यावर

फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत नेदरलँड्समधल्या सुपरमार्केटात हिरव्या, बिनबियांच्या द्राक्षाचं पनेट (प्लास्टिकचा छोटा डबा) उचललं, तर लेबलवर भारताचं नाव असण्याची शक्यता चांगली असते. म्हणजे बहुतेक वेळा निफाड, दिंडोरी, नाहीतर सांगलीकडचा माल. भारतीय ताज्या द्राक्षाचा युरोपातला सर्वांत मोठा खरेदीदार नेदरलँड्स आहे. अर्थात सगळी द्राक्षं डच लोकच खातात असं नाही. माल रॉटरडॅम बंदराच्या मासफ्लाक्टे भागातल्या टर्मिनलवर उतरतो, बारेन्ड्रेख्ट आणि रिडरकेर्कच्या शीतगृहांत जातो आणि बराचसा तिथूनच ट्रकने जर्मनीकडे आणि पुढे निघतो.

कागदपत्रांचं काम आता बऱ्यापैकी सुरळीत आहे. डिसेंबर 2019 पासून युरोपात जवळजवळ सगळ्याच ताज्या फळांना फायटोसॅनिटरी, म्हणजे कीडरोगमुक्त असल्याचं, प्रमाणपत्र लागतं. बोट लागण्याआधीच आयातदार युरोपच्या ‘ट्रेसेस’ प्रणालीत नोंद करून ठेवतो. एनव्हीडब्ल्यूए ही सरकारी यंत्रणा नियम पाळले आहेत का ते बघते, तर केसीबी ही संस्था दर्जा तपासते. बिनबियांच्या द्राक्षात साखर किमान 14 ब्रिक्स (रसातल्या गोडीचं माप) आणि घड किमान 75 ग्रॅमचा हवा, ही कायद्याची अट. सुपरमार्केटं तेवढ्यावर भागवत नाहीत. त्यांना 18 मिलिमीटरचा मणी हवा असतो आणि गोडीही जास्त लागते.

खरी परीक्षा दर्जा तपासणाऱ्याच्या टेबलावर होते. तो पॅलेटमधून पेट्या काढतो, मण्यात थर्मामीटर खुपसतो, देठाचा रंग बघतो, घड हलवून किती मणी गळतात ते मोजतो. देठ तपकिरी आणि मणी ढिले असतील, तर कारण बहुतेक वेळा समुद्रात नसतं, पॅकहाऊसमध्ये, म्हणजे माल निवडून पेट्यांत भरतात तिथे, असतं. काढणीनंतर चार ते सहा तासांत माल प्रीकूलिंगला, म्हणजे भरणीआधी थंड करायला, गेला पाहिजे आणि कंटेनरमध्ये भरताना मण्याच्या आतलं तापमान शून्याच्या आसपास पाहिजे. रीफर, म्हणजे शीत कंटेनर, गरम माल थंड करण्यासाठी बनवलेला नसतो, थंड माल थंड ठेवण्यासाठी असतो. उणे अर्धा अंशाचं सेटिंग लावून आठ अंशांचा माल भरला, तर मधल्या पॅलेटचा गाभा कित्येक दिवस निवत नाही. पेटीत दव धरतं. कूज रोखायला पेटीत ठेवलेला सल्फर डायऑक्साइडचा पॅड ओलावा मिळाला की गॅस सोडतो, त्यामुळे भरपूर दव म्हणजे एकदम भरपूर गॅस. मग देठाजवळ मणी पांढरे पडतात आणि पुढच्या प्रवासासाठी पॅडमध्ये काही उरत नाही. कंटेनरच्या भिंतीवरच्या लाल रेघेच्या वर पेट्या रचल्या, तर हवा परतायला वाट राहत नाही, तेव्हाही हेच होतं. डेटा लॉगरचा, म्हणजे प्रवासभर तापमान नोंदवणाऱ्या यंत्राचा, आलेख बघून इथला माणूस दोन मिनिटांत सांगतो की दोष बोटीचा की पॅकहाऊसचा.

आता पैशाचं. बागायतदाराने सगळ्यात बारकाईने बघायला हवं ते इथे, आणि नेमकं तिकडेच दुर्लक्ष होतं. ठरलेल्या भावाने झालेली विक्री सगळ्यांना माहीत असते. पण बराच माल कन्साइनमेंटवर किंवा ‘एमजी’वर, म्हणजे किमान हमी भावावर येतो. कन्साइनमेंट म्हणजे वाशीच्या आडत्याची पट्टीच (विक्रीचा हिशोब), फक्त युरोत आणि महिनाभर उशिरा येणारी. विकून आलेल्या रकमेतून भाडं, टर्मिनलचा खर्च, आयातशुल्क, तपासणी, शीतगृह, वाहतूक, रिपॅकिंग आणि शेवटी आडत वजा होते. उरेल ते निर्यातदाराचं, आणि त्याच्यातून उरेल ते बागेचं. माल विकला जाईपर्यंत तो आयातदाराचा झालेला नसतो, जोखीम पाठवणाऱ्याचीच राहते. एमजीमध्ये हमी असते खरी, पण ती ‘माल सुस्थितीत पोहोचल्यास’ या अटीवर, आणि सुस्थिती म्हणजे काय हे करारात टक्क्यांत लिहिलेलं नसेल तर हमीला फारसा अर्थ उरत नाही.

एक हिशोब करून बघू. कंटेनरमध्ये 13,000 किलो माल आहे आणि पाच टक्के मणी कुजलेत. वाटतं, नुकसान 650 किलोचं. पण ते 650 किलो सगळ्या पनेटांत विखुरलेले असतात, म्हणून अख्खा कंटेनर रिपॅकिंगला जातो. पोलंड-रोमानियातून आलेल्या कामगारांच्या हातांनी प्रत्येक पनेट उघडून खराब मणी काढले जातात. मजुरी डच दराची. यात दोन-चार दिवस जातात, सुपरमार्केटचा ठरलेला आठवडा हुकतो (इथे सगळा व्यवहार तारखेने नाही, आठवड्याच्या क्रमांकाने चालतो) आणि उरलेला चांगला मालही खुल्या बाजारात मिळेल त्या भावाने जातो.

तांबड्या समुद्राने हे गणित आणखी बिघडवलं. नोव्हेंबर 2023 मध्ये येमेनच्या हूथी बंडखोरांनी ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज ताब्यात घेतलं, डिसेंबरमध्ये मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझचा मार्ग सोडला, आणि 2024 च्या हंगामात न्हावाशेवाहून निघालेली द्राक्षं केप ऑफ गुड होपला वळसा घालून आली. सुएझमार्गे साधारण तीन ते साडेतीन आठवडे लागत, ते पाच आठवडे आणि वर गेले. भाडं वाढलं ते दिसलं, पण लांबलेल्या दिवसांचा फटका पट्टीत दडून आला: देठ सुकलेले, पॅड संपलेले, दुकानातलं आयुष्य कमी. त्यात दक्षिण आफ्रिकेच्या द्राक्षाला सुएझशी काही देणंघेणंच नाही. ती केपटाउनहून सरळ अटलांटिकमधून वर येतात. आपली बोट प्रतिस्पर्ध्याच्या दारावरून आठ-दहा हजार किलोमीटर जादा चालून आली आणि त्याच शेल्फवर, त्याच भावात उभी राहिली. येमेनच्या किनाऱ्यावरच्या भांडणाची किंमत कन्साइनमेंटवाल्या बागायतदाराने मोजली. कारण करारात जोखीम त्याच्या नावावर होती.

रेसिड्यूचा, म्हणजे फळात उरलेल्या औषधांच्या अंशाचा, धडा आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट, म्हणजे बागेत सर्रास वापरलं जाणारं लिहोसीन, मर्यादेपेक्षा जास्त सापडलं आणि कंटेनर अडकले. तोवर आपल्या तपासणी यादीत तो घटकच नव्हता. आता ग्रेपनेट या निर्यात-नोंदणी प्रणालीमुळे प्लॉटपर्यंत माग काढता येतो. पण जर्मनीतल्या काही साखळ्या कायद्याच्या एमआरएलच्या (औषधाच्या अंशाची कमाल मर्यादा) एक तृतीयांशावरच थांबतात, शिवाय सापडलेल्या औषधांची संख्या चार-पाचपेक्षा जास्त नको म्हणतात. त्यामुळे रिपोर्ट ‘पास’ असूनही माल नाकारला जाऊ शकतो.

शुल्काची चर्चा खूप होते. हंगामात सामान्य दर 11.5 टक्के, भारताला वर्षानुवर्षं सवलतीने 8 टक्के, तर चिली, पेरू, दक्षिण आफ्रिका यांना शून्य. भारत-युरोप मुक्त व्यापाराची बोलणी 2007 मध्ये सुरू झाली, 2013 मध्ये अडली, 2022 मध्ये पुन्हा सुरू झाली आणि जानेवारी 2026 मध्ये पूर्ण झाली. शुल्क गेलं तर बरंच आहे. पण खरी अडचण वाणाची आहे, असं स्पष्ट म्हणायला हवं. आपल्याकडच्या थॉमसन वाणाचा मणी मोठा करायला जीए (जिबरेलिक ॲसिड हे वाढ-संप्रेरक) आणि विरळणीची मजुरी लागते, पाऊस पडला की तडकतो. स्पर्धक देश ‘स्वीट ग्लोब’, ‘ऑटम क्रिस्प’सारख्या कुरकुरीत, लांब टिकणाऱ्या वाणांकडे गेले. ही वाणं रॉयल्टी भरून, ठरलेल्या विक्रेत्यांमार्फतच विकायची असतात. भारत ‘यूपोव्ह’ या नव्या वाणांच्या हक्कांचं रक्षण करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा सदस्य नाही, आपला वाण-हक्कांचा 2001 चा कायदा शेतकऱ्याला जास्त मोकळीक देतो, म्हणून परदेशी ब्रीडर बराच काळ बिचकत होते. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने ‘आरा’ वाणं आणून वाट पाडली, पण अजून बहुतेक बागा थॉमसन आणि तिच्या निवड-वाणांच्याच आहेत.

तोवर निर्यातदाराशी बोलताना चार गोष्टी लेखी मागाव्यात. विक्री ठरलेल्या भावाची की कन्साइनमेंटची. एमजी असेल तर कूज आणि मणीगळ किती टक्क्यांपर्यंत चालेल. माल उघडल्यावर फोटोंसह तपासणी अहवाल किती तासांत मिळेल. आणि डेटा लॉगरची प्रत कोणाकडे राहील. मे महिन्यात इजिप्तचा माल सुरू झाला की इथला आयातदार भारतीय कंटेनरची फाईल उघडायला फारसा उत्सुक नसतो, म्हणून हे सगळं भरणीच्या आधी झालेलं बरं.