बारीक नेकचा बेस: तुम्ही विचारलेत म्हणून

“कमी पैशांत, बारीक नेकचा, हाताला सोपा जाईल असा बेस गिटार सुचवा,” (नेक म्हणजे बोटांनी तारा दाबायचा लांब दांडा) हे मला इतक्यांदा विचारले जाते की एक नाव सांगून मोकळे व्हावेसे वाटते. नाव मी सांगतोही: स्क्वायरचा जॅझ बेस, किंवा आयबानेझच्या एसआर मालिकेतला साधा बेस, शक्यतो वापरलेला. मग काही महिन्यांनी त्याच माणसाचे मनगट दुखू लागल्याचा निरोप येतो आणि खापर माझ्या शिफारशीवर फुटते.

नेक अरुंद हवा की पातळ, असे उलट विचारले की बहुतेक जण गप्प बसतात. १९६० साली आलेल्या जॅझ बेसचा नेक नटपाशी, म्हणजे नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांच्या पट्टीवरून जातात तिथे, ३८ मिलिमीटर, तर आजच्या बहुतेक प्रिसिजन बेसचा (हाही त्याच घराण्यातला एक नमुना) ४१-४२ मिलिमीटर रुंद असतो. एसआर तितकाच अरुंद आणि शिवाय पातळही असतो; पण त्याच कंपनीच्या आणखी स्वस्त जीएसआरचा नट ४१ मिलिमीटरचा आहे, हे न पाहताच लोक तो घेऊन येतात. बोटे पुरत नसतील तर प्रश्न नेकचा नसून तारेच्या लांबीचा आहे. ८६४ मिलिमीटरच्या नेहमीच्या बेसवर पहिल्या फ्रेटपासून (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीपासून) चौथ्यापर्यंत सुमारे १३० मिलिमीटर अंतर पडते, ७६२ मिलिमीटरच्या आखूड बेसवर ११४. नेक कितीही तासला तरी हे अंतर घटत नाही.

मला हे कसे कळले, ते सांगायला फारसे आवडत नाही. एका कार्यक्रमात मी माझा जुना, रुंद नेकचा बेस वाजवत होतो. सर्वांत जाड तारेवर, पहिल्या तीन-चार फ्रेटांत, श्वास घ्यायलाही सवड न देणारे एक गाणे आले आणि अर्ध्यावर अंगठ्याच्या बुडाशी असा पेटका आला की करंगळी तारेवर टेकेना. उरलेले गाणे मी मोकळ्या तारेवर नुसता ठेका धरून रेटले. ड्रमवाल्याने एकदा वळून पाहिले आणि लय किंचित उतरवली, ती माझ्यासाठीच; इतर कोणाला काय कळले, हे मी कधी विचारले नाही. मध्यंतरात दुसऱ्या एका वादकाने आपला एसआर माझ्या गळ्यात अडकवला आणि उरलेला कार्यक्रम मी बिनतक्रार वाजवला. पुढे मीही तसाच एक विकत घेतला. त्यानंतर कधीतरी जुन्या बेसची जाड तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पाहिली, तर पहिल्या फ्रेटवर तिच्याखालून कागदाची जाड घडी सहज सरकत होती. नट नीट बसवलेला असेल तर तिथे जेमतेम एका कागदाची फट असते. कारागिराने नटच्या खाचा खोल करून दिल्यावर तोच रुंद नेक बराच सुसह्य झाला. मग त्या कार्यक्रमात माझा हात सावरला तो पातळ नेकने, की दुसऱ्याने नीट लावून घेतलेल्या नटने?

त्याआधी मी शिकाऊ मुलांना ठणकावून सांगत असे की कॉन्ट्राबेसवाले (उभे राहून वाजवायच्या भल्यामोठ्या बेसचे वादक) याहून कितीतरी जाड नेक हाताळतात, तेव्हा वाद्याला नावे ठेवू नका, हात तयार करा. त्या माझ्याशी मी आजही भांडतो. ते वादक खालच्या सुरांना चार बोटे ताणत बसत नाहीत. तिसरे बोट आणि करंगळी मिळून एकच सूर दाबतात आणि गरज पडली की अख्खा हात सरकवतात. ही रीत बेस गिटारवरही चालते आणि तिला पैसे पडत नाहीत. पण तो जुना मी पुरता हरतही नाही, कारण पातळ नेकवर अंगठ्याला टेकायला जागा कमी मिळते, मूठ नकळत आवळली जाते आणि लांबलेल्या सरावात माझा अंगठा एसआरवरही दुखतो.

तेव्हा दुकानात जाल तर मोजपट्टीच्या आधी पट्टा मागा. बेस गळ्यात घालून उभे राहा आणि डावा हात सोडून द्या. बेसचे डोके, म्हणजे खुंट्यांकडचे टोक, जमिनीकडे झुकले, तर तो नेक वाजवताना तुमचा डावा हात त्याला उचलूनही धरणार आहे, मग त्याची रुंदी ३८ असो की ४२. माझ्याकडे आजही दोन्ही बेस आहेत. त्यांतला हाताला सोपा कोणता, याचे माझे उत्तर अजून अधूनमधून बदलते.