आवाज कडक नको

"मेस्त्रीनू, हायचो स्क्रू वायच आवळा. आवाज कडक येवक व्हयो."

"आवळूचंय नाय. पिस्टन जाम होतलो."

कुडाळात आज चेनसॉचा, म्हणजे लाकूड कापायच्या मशीनचा, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) उघडलेला पाहिला. पेट्रोलमध्ये राहून जुना डायफ्रॅम, म्हणजे आतला पातळ पडदा, पापडासारखा कडक झालेला. जाळीत भुशाचा थर. मेस्त्रींनी नवा डायफ्रॅम, गॅस्केट, नीडल बसवली. आधी लोचा (कमी वेगाच्या पेट्रोलचा) स्क्रू, मग साखळी जागेवर थांबेल इतकंच आयडल, म्हणजे रेस न देता चालणारा वेग. हायचा, म्हणजे फुल रेसच्या पेट्रोलचा, स्क्रू मात्र किंचित सैल. फुल रेसला इंजिन जरा भरभरायचं, ओंडक्यात घातलं की आवाज स्वच्छ.

गिऱ्हाइकाला ती भरभर पटेना. पण चेनसॉच्या टू-स्ट्रोक इंजिनला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं. हाय आवळला की पेट्रोल कमी, म्हणजे ऑइलही कमी, आणि इंजिन तापतं. कडक आवाज ऐकायला छान, पण सिलिंडरवर चरे पडतात ते बऱ्याचदा त्यातूनच.

मेस्त्रींना स्क्रू पाव फेरा फिरवून मोकळं होता आलं असतं. गिऱ्हाईक खूश, आणि मशीन जाम झालं की परत दुकानात. त्यांनी ते केलं नाही, गिऱ्हाईक धुसफुसत गेलं तरी. मला याचं फार मोल वाटतं.

तुमच्या गावात असं तोंडावर 'नाही' म्हणणारा मेस्त्री कोण आहे?