"अहो, पाणी का थांबलं?"

त्या दिवशीच्या प्लेटेस्टमध्ये, म्हणजे लोकांना गेम खेळायला देऊन घेतलेल्या चाचणीत, आमच्या यंत्रणेने सगळ्यात चांगला निकाल ज्या खेळाडूच्या खात्यावर नोंदवला, तिचाच खेळ आम्ही सगळ्यात जास्त बिघडवला होता.

गेम असा: गुहेत पाणी चढतंय आणि खेळाडू दोर धरून वर निघालाय. खेळणाऱ्याच्या शरीराच्या खुणा बघून गेम पाण्याचा वेग आणि कंदिलाचा उजेड बदलतो. खुणा दोनच. नाडीसाठी छातीचा पट्टा, कारण मनगटावरचा प्रकाशाचा सेन्सर हात हलला की ठोके चुकवतो. दुसरी खूण घामाबरोबर बदलणारी त्वचेची वाहकता. तिचे इलेक्ट्रोड एरवी बोटांना लावतात, पण इथे बोटांत कंट्रोलर असतो. पकड आवळली की इलेक्ट्रोड दाबला जातो आणि ग्राफवर भावनेसारखी दिसणारी खोटी उसळी येते. म्हणून आम्ही ते पावलाच्या आतल्या कडेला लावतो. तळपायालाही घाम तळहातासारखाच फुटतो, आणि बसून खेळताना पाय फारसा हलत नाही. सतत पाय हलवणारा कुणी आला, तर तेवढा भाग गाळावा लागतो.

सातव्या क्रमांकाच्या खेळाडूची वाहकता सुरुवातीला ४ मायक्रोसीमेन्स (वाहकतेचं एकक) होती. पाणी कंबरेपर्यंत आलं तोवर ती ९ वर गेली होती आणि नाडी ७८ वरून ११२ वर. ती खुर्चीच्या कडेला सरकलेली, ओठ घट्ट मिटलेले. गेमने ठरल्याप्रमाणे ताण वाढल्याचं मानलं, पाण्याचा वेग ४० टक्क्यांनी उतरवला, कंदील मोठा केला. तिचा अंगठा स्टिकवर तसाच होता, पण पाठ हळूहळू खुर्चीला टेकली. मग तिने वळून विचारलं, "अहो, पाणी का थांबलं?"

ग्राफ खाली आला. लॉगमध्ये, म्हणजे यंत्रणेच्या नोंदींत, हिरवी खूण पडली: ताण कमी, बदल यशस्वी.

तिला मजा येत होती आणि आम्ही ती काढून घेतली. वाहकता आणि नाडी सांगतात ती उत्तेजना, म्हणजे भावना किती जोराची आहे ते. ती सुखाची की त्रासाची, हे त्यात नसतं. मानसशास्त्रज्ञ जेम्स रसेल यांनी १९८० मध्ये मांडलेल्या भावनांच्या वर्तुळात हे दोन वेगळे अक्ष आहेत. हे आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होतं, तरी लूप, म्हणजे खुणा वाचून गेम बदलणारं चक्र, बांधताना यशाची व्याख्या 'उत्तेजना खाली आली' एवढीच लिहिली गेली. त्या व्याख्येत कंटाळलेला माणूससुद्धा यशस्वी ठरतो.

नवव्या खेळाडूच्या वेळी नेमकं उलट झालं. त्याचा ग्राफ सपाट. गेमने त्याला कंटाळलेला समजून पाणी वाढवलं. प्रत्यक्षात तो एकाच कपारीवरून तीनदा पडला होता आणि त्याने प्रयत्न सोडून दिला होता. २५ सेकंद एकही बटण दाबलं गेलं नव्हतं. हे सांगायला सेन्सरची गरजच नव्हती, कंट्रोलरच्या नोंदीत सगळं होतं. २००८ च्या 'लेफ्ट फोर डेड' या गेममध्ये तर शरीराला काहीही न लावता, खेळाडूला झालेल्या इजेसारख्या घटनांवरून तीव्रतेचा अंदाज बांधला जातो, आणि ती शिखराला पोचली की साधारण ३० ते ४५ सेकंद उसंत दिली जाते. मला ती रचना आजही पटते. तिच्यात चढ आहे, म्हणून उताराला अर्थ आहे.

आणखी एक दोष लॉग सावकाश पाहिल्यावर दिसला. पाणी दर ४० सेकंदांनी कमी-जास्त होत होतं. वाहकतेची उसळी प्रसंगानंतर १ ते ३ सेकंदांनी सुरू होते, पण एकूण पातळी उतरायला मिनिटं लागतात. त्यावर आम्ही ३० सेकंदांची सरासरी घेत होतो आणि निर्णय मात्र दर १० सेकंदांनी. मदत पोचायची तोवर अवघड जागा मागे पडलेली असायची. मग सोप्या जागी सगळं आणखी सोपं व्हायचं आणि पुढच्या अवघड जागी पाणी अंगावर यायचं.

संध्याकाळपर्यंत लूप उसवून पुन्हा बांधला. आता बेसलाइन, म्हणजे तुलनेसाठीची मूळ पातळी, प्रत्येकाची स्वतंत्र: २ मिनिटं नुसतं बसून, मग ३ मिनिटं सोप्या भागात खेळून, कारण नुसत्या खेळण्यानेही नाडी थोडी वाढते. बदल सुरू होतो तो पातळी त्या माणसाच्या सरासरीपेक्षा दीड प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या नेहमीच्या चढउताराचं माप) वर २० सेकंद टिकली तर. थांबतो अर्ध्या प्रमाण विचलनाच्या खाली आल्यावर. दोन्ही उंबरे एकच ठेवले की गेम त्या रेषेवर थरथरत राहतो. दोन बदलांत किमान ६० सेकंद, एका वेळी १० टक्केच, आणि तेही कपार ओलांडताना, म्हणजे नजरेला सांधा दिसत नाही. शिवाय नुसत्या उत्तेजनेवर काहीच सोपं होत नाही. एकाच जागी वारंवार पडणं, लांबलेले थांबे, पुन्हापुन्हा उघडलेला मेनू, यांपैकी एक तरी सोबत लागतं.

आणि खेळाडूलाच विचारायचं. दोर बांधायच्या टप्प्यावर तीन गाठी दिसतात: 'अजून जोर', 'असंच', 'जरा उसंत'. तिथे हात तसाही थांबलेला असतो, म्हणून प्रश्न खेळ मोडत नाही. सेन्सर आणि उत्तर यांत तफावत आली, तर उत्तर खरं मानायचं.

एका मुद्द्यावर मात्र टीममध्ये बराच वाद झाला. थकवा दिसला, चुका वाढल्या की गेम सोपा करावा, म्हणजे माणूस उठून जात नाही, असं एकाचं म्हणणं. मला ते अजिबात मान्य नव्हतं. थकलेल्याला धरून ठेवण्यासाठी त्याच्याच नाडीचा वापर करणं म्हणजे त्याने विश्वासाने दिलेली गोष्ट त्याच्याविरुद्ध वापरणं. शेवटी ठरलं की अशा वेळी गेम जवळच्या कपारीवर सेव्ह होतो, पाणी ओसरतं, आणि थांबायचं बटण आधी दिसतं. कच्चे सिग्नल उपकरणाबाहेर जात नाहीत, सत्र संपलं की पुसले जातात. सेन्सर बंद ठेवूनही गेम पूर्ण खेळता येतो, आणि खरेदीच्या पडद्याला या आकड्यांचा मागमूस नसतो.

सातव्या खेळाडूला निघण्याआधी नवीन बिल्ड, म्हणजे गेमची सुधारलेली आवृत्ती, खेळायला दिलं. दोराच्या टप्प्यावर तिची नाडी ११८ होती. तिने 'अजून जोर'ची गाठ ओढली आणि खुर्ची पुढे सरकवली.