स्टार्ट सुधारला तो बोट उभी करता आल्यावर

मी एकटीने चालवायची डिंगी, म्हणजे छोटी शिडाची बोट, रेस करते, इल्का ६. जुने लोक तिला अजून लेझर रेडियलच म्हणतात. वाऱ्यावर चढताना माझा वेग बरा असतो. तरी बरेच दिवस रेस पहिल्या मिनिटातच हातची जायची. स्टार्टचा भोंगा वाजायचा आणि मी दुसऱ्या रांगेत, पुढच्यांच्या शिडांवरून आलेल्या उष्ट्या वाऱ्यात. टॅक मारून, म्हणजे नाक वाऱ्यातून पलीकडे वळवून, बाहेर पडावं, तर वाऱ्याकडच्या अंगाला कोणीतरी चिकटलेलं.

सगळे सांगायचे, घड्याळ नीट वापर. स्टार्टला पाच मिनिटं उरली की क्लासचा, म्हणजे बोटीच्या प्रकाराचा झेंडा वर, चारला पी हा तयारीचा झेंडा वर, एकला पी खाली, शून्याला क्लासचा झेंडा खाली. हे पाठ होतं. लांबून हिशेबाने धावत येऊन बरोबर शून्याला रेषा गाठायची, हेही रिकाम्या रेषेवर झकास जमायचं. गर्दीत मात्र धावत येऊन बघावं तर रेषेवर जागाच नाही. मुरलेली मंडळी मिनिटभर आधीच जागा धरून उभी. आणि बोटीला ब्रेक नसतो.

प्रशिक्षकांनी मग रेस बाजूला ठेवायला लावली. एक बोया दाखवला आणि म्हणाले, "याच्या शेजारी उभी राहा. दोन मिनिटं. हात लावायचा नाही."

ऐकायला सोपं. शीड सैल सोडलं की बोट थांबते खरी, पण तिच्याबरोबर सुकाणूही मरतं, कारण पात्यावरून पाणी वाहिल्याशिवाय त्याला पकड नाही. डॅगरबोर्डचं, म्हणजे बोटीखाली पाण्यात उभ्या असणाऱ्या फळीचंही तेच, वेग गेला की बोट आडवी वाऱ्याखाली सरकायला लागते. नाक वाऱ्यात गेलं की ती मागे जाते, नाक खाली पडलं की शीड भरून पळते. मधली जागा फार अरुंद. तिथे टिकायचं तर मेनशीट, म्हणजे शिडाची दोरी, वीतभर ओढायची, लगेच सोडायची, आणि अंग आत-बाहेर करत राहायचं. बोट वाऱ्याखाली कलली की नाक वर जातं, वाऱ्याकडे कलली की खाली येतं. सुकाणू मेलेलं असताना हाच आधार. किकर, म्हणजे बूम (शिडाखालचा आडवा दांडा) खाली ओढून धरणारा दोर, कचकचीत ओढलेला असला तर मात्र नाक खाली यायला तयारच होत नाही. स्टार्टआधी तो सैल करायला लागले आणि अर्धी झटापट संपली.

टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, सटासट हलवून वल्ह्यासारखा वापरायचा मोह होतो. शर्यतीच्या नियमांतला नियम ४२ त्याला मनाई करतो. नाक क्लोज-हॉल्डच्या, म्हणजे वाऱ्याच्या जास्तीत जास्त जवळून चालायच्या दिशेच्याही वर गेलंय आणि बोट थांबल्यात जमा आहे, तेव्हा पुन्हा क्लोज-हॉल्डवर येण्यापुरती सूट आहे. बूम ढकलून बोट मागे नेता येते, पण तेव्हा वाट द्यायची जबाबदारी आपली.

उभं राहता आलं की जागा राखता येते. एकाच टॅकवर, म्हणजे दोघींना वारा एकाच बाजूने असताना, वाऱ्याकडची बोट वाऱ्याखालचीला वाट देते, म्हणून लोक मागून येऊन तुमच्या वाऱ्याखालच्या पोकळीत घुसतात. कोणी येताना दिसलं की मी नाक खाली करून त्याच्यावर रोखते. तो बहुधा दुसरं गिऱ्हाईक शोधतो. शेवटच्या सात-आठ सेकंदांत ती पोकळी खर्च करायची: नाक खाली, शीट आत, बोट जराशी कलू द्यायची आणि अंग बाहेर टाकून सपाट. मंद वाऱ्यात याला जास्त वेळ लागतो. तो रेसआधीच मोजून घेते.

रेषेवर बोट सरळ वाऱ्यात धरली की नाक ज्या टोकाकडे झुकतं ते टोक फायद्याचं. रेषा १०० मीटर आणि तिरकेपणा १० अंश असेल तर फरक सुमारे १७ मीटरचा. तरी मी अगदी टोकाला जात नाही, तिथे भांडणं फार. मध्याजवळ ट्रान्झिट घेऊन उभी राहते: रेषेच्या सरळ रेघेत, पलीकडच्या टोकामागे किनाऱ्यावर कोणतं झाड किंवा खांब येतो ते आधी बघून ठेवायचं. मधले लोक भीतीने बोट-दोन बोटी मागेच राहतात. ते अंतर फुकट मिळतं.

अंगाने बोट वळवायची सवय रोल टॅकला, म्हणजे बोट कलवत मारलेल्या टॅकलाही उपयोगी पडली. जाईबमध्ये, म्हणजे बोटीची मागची बाजू वाऱ्यातून वळवताना, मेनशीट मागच्या कोपऱ्यात अडकणं हा या बोटीचा जुना रोग. बूम मध्यावर येताना शीटला एक झटका दिला की ढिलाई निघते.

धीटपणा किती करायचा ते चारला पीऐवजी दुसरा झेंडा चढलाय का ते बघून. पी असेल तर रेषा ओलांडली तरी परत येऊन स्टार्ट घेता येतो. यू असेल तर शेवटच्या मिनिटात रेषा आणि पहिला मार्क (वळणाचा बोया) यांच्या त्रिकोणात सापडलात की बाद, पण स्टार्ट पुन्हा झाला तर सुटका. काळ्या झेंड्याला तीही नाही. तेव्हा मी मुकाट अर्धी बोट मागे उभी राहते. जनरल रिकॉल झाला, म्हणजे सगळ्यांनाच परत बोलावून स्टार्ट पुन्हा घ्यायचा ठरला, तर पुढे घुसलेले एक-दोघे घरी जातात, आणि पुढच्या स्टार्टला तेवढीच जागा मोकळी.